दोन कळांच्या मधे

बसा रे जरा जवळ. वीज एकदा गेली की दोन तास तरी येत नाही, आणि ओंकारला म्हणे आज रात्रीच तोंडवळीला जायचं आहे. जा बाबा, मी कोण अडवणारा. रस्ता आता डांबरी आहे. फक्त जायच्या आधी एक हकीकत ऐकून जा. कुठल्या पुस्तकातली नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी संचिता, तुम्ही सगळे तिला ओळखता, तिच्यावर ओढवलेली. तिने सांगितली तेव्हा मी हो-हो केलं आणि सोडून दिलं. मग सहा महिन्यांनी विनीतने सांगितली, त्या रात्री गाडी चालवत होता तो, ती नसताना, एकट्याने. दोघांच्या सांगण्यात अक्षराचा फरक नव्हता. तेव्हापासून मी ती हसण्यावारी नेत नाही.

संचिताचं काम काय ते आधी सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. पुण्यात शिकून आली ती. डूला म्हणतात तिला. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, आपल्याकडची वैजीण म्हणजे सुईण, तीही नव्हे. बाईला कळा सुरू झाल्या की मूल हातात येईपर्यंत तिच्या सोबत राहायचं. कंबर दाबायची, श्वास कसा सोडायचा ते सांगायचं, घाबरलेल्या नवऱ्याला हाताशी धरायचं, आणि वेळ झाली की दोघांना दवाखान्यात पोचवायचं. मालवणात आधी लोक हसले. आमच्या बाया काय आजवर एकट्या बाळंत झाल्या, असं विचारायचे. मग एकेकीने बोलावलं, तिने दुसरीला सांगितलं, आणि सहा वर्षांत संचिता ऐंशी-पंच्याऐंशी बाळंतपणांना उभी राहिली. एक नियम तिने कधी मोडला नाही. मूल स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही आणि कुणाला 'आता लोट' म्हणून सांगायचं नाही. ते डॉक्टरचं काम.

विनीत आणि भक्ती हे जोडपं तिच्याकडे आलं ते भक्तीला सातवा लागल्यावर. दोघांनी तळाशीलच्या अलीकडे एक चिऱ्याचं घर घेतलं होतं. तो भाग तुम्ही बघितलाय ना? एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कालावलची खाडी, आणि मधे माडांची एक पट्टी. खाडीपलीकडचे दिवे हाताला लागतील असे दिसतात, पण रस्त्याने मालवण गाठायचं तर पार वळसा. घर मुंबईतल्या कुणाचं तरी बंद पडलेलं. विनीतने नवी फरशी घातली, मागच्या खोलीला छत लावलं, पर्यटकांसाठी गाद्या घेतल्या, पाटी लावली. काम चांगलं चालू होतं.

भक्तीचं आधी एक मूल गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, विनीत गोव्यात हॉटेलात नोकरीला असताना. रात्रभर ती दवाखान्यातल्या एका खोलीत एकटी होती, आणि सकाळी विनीत पोचला तेव्हा सगळं संपलेलं. त्यानंतर त्याने नोकरी सोडली. पहिल्या भेटीत संचिताने वही काढून विचारलं की तुला माझ्याकडून काय काय हवं. बाया लांबलचक यादी देतात. भक्ती एवढंच म्हणाली,

"बाकी काय नको. माका एकटी सोडू नको."

संचिताने हो म्हटलं. तिच्या धंद्यात ते म्हणायचंच असतं.

तर ती रात्र. दोन हजार तेवीस साल, सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. दिवाळी होऊन पाच दिवस झालेले. पाऊस कधीच गेलेला, आकाश स्वच्छ, आणि चवथीचा चंद्र साडेनऊच्या आत समुद्रात बुडाला. नऊ वाजून दहा मिनिटांनी विनीतचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, दहा-दहा मिनिटांनी येतायत. संचिताने त्याला नेहमीचं सांगितलं. तिला पेज पाज, दिवे कमी कर, धावपळ करू नकोस, मी येते. मालवणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनी सांगितलं, पाच मिनिटांवर आल्या की घेऊन या. मग पिशवी स्कूटरला अडकवून ती निघाली. कोळंबच्या पुलावर वारा होता, पुढे आचऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची ये-जा होती, तोंडवळीच्या उतारावर एक कोल्हं आडवं गेलं. तिला त्यात काही वाटलं नाही. दहा वाजता ती दारात होती.

सगळं छान चाललं होतं, असं ती मला तीनदा म्हणाली. मधल्या खोलीत चटई टाकलेली, कोपऱ्यात एक समई. भक्ती गुडघ्यांवर, पुढे उशांवर डोकं टेकून. कळ आली की संचिता तिच्या माकडहाडावर तळवा रोवून दाबायची आणि सांगायची, नाकाने घे, तोंडाने सोड, लांब सोड. विनीत गरम पाण्याची पिशवी भरून आणायचा. कळ ओसरली की तिघंही गप्प. बाहेर समुद्राचा एक आवाज, तेवढाच. दहाची आठ मिनिटं झाली, आठाची सहा.

साधारण अकरा-वीसला संचिताला पहिल्यांदा ऐकू आलं.

भक्तीची कळ नुकतीच संपली होती. ती उशीत तोंड घालून पडलेली, अंग सैल सोडलेलं. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास रोखला. भिंतीपलीकडे. मागच्या खोलीत.

संचिताला वाटलं विनीत आहे. पण विनीत उलट्या बाजूला, स्वयंपाकघरात. भांड्याचा आवाज येत होता. मग तिला वाटलं, घर रिकामं आहे, भक्तीचाच आवाज घुमला असेल. पुढची कळ आली, गेली. दोन मिनिटं गेली. पुन्हा तो श्वास. या वेळी ती कान देऊन होती. श्वास छातीत कोंडला गेला, गळ्यात अडकला, आणि मग दातांतून फुटला. सोबत एक करकर. वजनाने दोर करकरावा तशी. जुन्या काळी आढ्याला दोर बांधायचे बाळंतिणीला धरायला. पण मागच्या खोलीला आता आढं दिसतच नव्हतं. पांढरं छत आणि पंखा.

भीती तिला नंतर वाटली. आधी, ती म्हणते, रागच आला. ऐंशी बाया ऐकलेले कान ते. तिला कळलं की ही आपल्या भक्तीच्या पुढे आहे. हिच्या कळा तीन मिनिटांवर आल्यात, आणि ही श्वास चुकीचा घेतेय. कोंडतेय. हिला कुणी शिकवलेलं नाही. हिच्याजवळ कुणी नाही. हात भक्तीच्या कंबरेवर होते, पण ते भिंतीकडे ओढले जात होते. तिने ते दाबून धरले. एकदा पिशवी उघडून बंद केली. उगाच. घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं.

भक्तीला काही कळू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. कळांतल्या बाईला भीती घातली की कळा थांबतात. ती मोठ्याने बोलत राहिली, काहीबाही, दिवाळीच्या फराळाचं. भक्ती डोळे मिटून ऐकत होती. मग एका कळेनंतर, तशीच मिटल्या डोळ्यांनी, दमलेल्या आवाजात म्हणाली,

"तिका पण सांग ना गो... श्वास सोडूक."

संचिताने विचारलं, कोणाक?

भक्तीने हनुवटी भिंतीकडे केली. एवढंच. आणि पुढची कळ आली.

ती कळ संपल्यावर संचिता उठली. विनीतला भक्तीजवळ बसवलं, आणि फोनचा उजेड घेऊन मागची खोली उघडली. गाद्या एकावर एक रचलेल्या. मच्छरदाण्यांची बोचकी. एक जुना टेबलफॅन. कुणी नव्हतं. खिडकी आतून लावलेली. पण खोलीत वास होता. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीला देतात ती धुरी. आणि खोली गरम होती, माणसं बसून उठल्यासारखी. संचिता दारात उभी राहिली. समोर काही नाही. आणि त्या काही नसण्यातून, तिच्यापासून दोन हातांवर, कमरेच्या उंचीवर... श्वास रोखला गेला.

तिने दार ओढून घेतलं.

पुढचा निर्णय तिने घाईघाईत नाही घेतला, बरं का. तिने भक्तीच्या कळा मोजल्या. पाच मिनिटांवर आल्या होत्या. म्हणजे निघायची वेळ झालीच होती. भीतीपोटी निघतेय असं कुणी म्हणू नये म्हणून तिने आणखी एक कळ जाऊ दिली. मग विनीतला म्हणाली, गाडी काढ. एक वाजून पस्तीस मिनिटं.

विनीत गाडी काढताना शेजारचे बाळाकाका कंदील घेऊन आले. सत्तरीचा म्हातारा, एके काळी खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचा. वाटेवर त्यांची जाळी वाळत घातलेली होती, ती ओढायला आले होते. जाळी ओढून झाली, भक्तीला गाडीत बसवून झालं, तरी म्हातारा जाईना. संचिताच्या बाजूला येऊन उभा राहिला. बरं केलंस, म्हणाला, वेळेत काढलंस. आणि मग, कुणी न विचारता, सांगायला लागला.

त्या घरात पूर्वी आनंदी नावाची सून होती. एक्केचाळीस-बेचाळीस वर्षं झाली. पहिलटकरीण. दिवस आणि रात्र अडून राहिली होती मागच्या खोलीत, वैजिणीने हात टेकले. मालवणला न्यायची तर होडीशिवाय मार्ग नव्हता.

"रस्तो तेव्हा नव्हतो. तरीवर मी होतंय. तिचो घो माझ्या दारात येवन उभो रवलो. वारो सुटललो... मी काय होडी काढलंय नाय. भियालंय."

म्हातारा कंदिलाकडे बघत होता. पहाटे वारा पडला, म्हणाला. पहाटे काढली होडी. तोवर ती गेली होती. पोर पोटातच.

 मागून भक्तीने हाक मारली. संचिता गाडीत बसली.

कोण कुठे बसलं ते नीट ऐका. विनीत चालवायला. त्याच्या मागे, उजव्या खिडकीशी, भक्ती. मधे संचिता. डावीकडची जागा रिकामी. पिशव्या सगळ्या डिकीत. विनीतने स्वतः ठेवल्या होत्या.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना माड. घरं झोपलेली. दिव्यांच्या उजेडात वाळू रस्त्यावरून सरपटत होती. भक्तीला एक कळ येऊन गेली, छान घेतली तिने. संचिता जरा सैलावली. घर मागे पडलं, वास मागे पडला, आता नेहमीचं काम. असं तिला वाटलं. दोन मिनिटं.

मग गाडी वाजायला लागली.

टिंग. टिंग. टिंग.

नवी गाडी ती. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की वाजते. पुढे एक लाल दिवा लागतो, कुठल्या जागेचा ते दाखवतो.

विनीतने पुढे बघतच विचारलं, "डावीकडे पट्टो लावूक नाय काय?"

"डावीकडे कोण नाय."

टिंग. टिंग.

"पिशी आसतली."

"पिशी डिकीत आसत."

  गाडी वाजत राहिली. तोंडवळी आली, गेली. संचिताने मान उजवीकडे, भक्तीकडे वळवून ठेवली. तशीच ठेवली. डावीकडे बघायचं नाही. एवढंच डोक्यात. बघायचं नाही.

मग पट्टा ओढल्याचा आवाज आला. सुर्रर्र... लांब. बराच लांब ओढावा लागला. मोठ्या पोटावरून घ्यावा लागतो तितका.

खट्.

वाजणं थांबलं.

त्या शांततेत... श्वास. कोंडलेला. अगदी कानाशी.

विनीतने आरशात बघितलं. एकदाच. मग हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवला. त्याच्या मानेवरून घाम गळत होता. गाडीचा वेग त्याने वाढवला नाही, कमीही केला नाही. मी त्याला विचारलं, काय दिसलं रे? तो म्हणाला, काका, ते सोडून काहीही विचारा.

आणि मग संचिताचा डावा हात कुणीतरी धरला.

हात थंड नव्हता. थंड असता तर बरं, असं ती म्हणते. तो गरम होता. घामाने भिजलेला. कळांतल्या बाईचा हात असतो तसाच, बोटं मोडेल इतकं आवळणारा. ऐंशी बायांनी तिचा हात तसा धरला होता. तिच्या हाताला त्यात काही वेगळं कळेना. तिच्या हाताने उलट दाबलं. आपोआप.

"माका सोडून जाव नको."

आवाज लहान होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा.

 उजव्या हातात भक्ती. डाव्या हातात... ती. एकीला दिलेला शब्द होता. दुसरीला तिने काहीच दिलं नव्हतं. हात झटकता आला असता. तिने मला सांगितलं, मामा, झटकावा असं मनात आलंच नाही, खोटं कशाला बोलू? एवढंच आलं, की ही श्वास कोंडतेय.

"खंय जाणय नाय मी," ती म्हणाली. पुढे बघत. "हयच आसंय. नाकान घे... तोंडान सोड. लांब. आणि लांब."

बाजूचा श्वास अडखळला. थांबला.

मग सुटला. लांब.

आचऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तसंच चाललं. भक्तीची कळ. मग शांतता. मग तिची कळ. संचिता एकदा उजवीकडे बोलायची, एकदा डावीकडे. डावीकडे बोलताना मान वळवायची नाही. भक्ती सगळं ऐकत होती. तिने एकदाही विचारलं नाही, कुणाशी बोलतेस. बाळंतपणातली बाई अर्धी या जगात नसतेच म्हणतात. भक्तीची कळ आली की बाजूची गप्प राहायची. बाजूची आली की ही गप्प. वाट देत होत्या एकमेकींना.

कोळंबचा पूल दिसायला लागला तसा डावीकडचा आवाज बदलला. खालचा झाला. पोटातून येणारा. तो आवाज संचिताला ओळखीचा. मूल आता यायला निघालं, की येतो तो.

आणि त्याच क्षणी भक्तीला कळ आली. दोघींना एकदम. पहिल्यांदाच.

भक्ती कण्हत म्हणाली, जोर येतोय, लोटू काय?

संचिताने नजर तिच्या तोंडावर रोवली. तिला अजून वेळ होता. तिने आत्ता लोटलं असतं तर फाटलं असतं, कदाचित बाळालाही... डॉक्टरीण पंधरा मिनिटांवर. आणि डावीकडची थांबण्याच्या पलीकडे गेलेली. तिची वेळ होऊन बेचाळीस वर्षं झाली होती.

"तू नाय, भक्ती. तू फुंक. दिव्याक फुंकर मारतंस तशी, बारीक. फुंक... फुंक."

भक्ती फुंकायला लागली.

मग संचिताने मान खाली घातली. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत, आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"तू लोट, बाय. आता आडव नको."

पुलावर वारा होता. खाली पाणी काळं. विनीतने दोन्ही हातांनी चाक धरलं होतं.

"लोट... सोड. मी आसंय."

तिच्या डाव्या हाताची हाडं एकमेकांवर घासली. कुठे तरी दोर करकरला. चालत्या गाडीत. मग एक लांब, लांब...

काही नाही.

रडणं नाही. श्वास नाही. हात सैल झाला, निसटला. पूल संपला.

संचिता वाट बघत राहिली. रडण्याची. ती सवय असते या कामातल्या बायांना. मूल आलं की पहिला आवाज येईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास थांबतो. तिचा थांबला. दवाखान्याचे दिवे दिसेपर्यंत.

दोन वाजून तेवीस मिनिटांनी गाडी दवाखान्याच्या दारात लागली. रहिमाआपा नावाची जुनी आया आहे तिथे, तीस वर्षांच्या अनुभवाची. ती धावत बाहेर आली. एका हाताने चाकाची एक खुर्ची ढकलत होती, दुसऱ्या हाताने दुसरी ओढत होती. भक्तीला त्यांनी पहिलीत बसवलं. रहिमाआपा गाडीच्या दुसऱ्या दाराकडे वळली.

"आणि ह्या?"

संचिताने विचारलं, कोण ह्या?

"दोघी आहेत ना? मी वरच्या खिडकीतून बघितलं की." तिने काचेतून आत बघितलं. मग संचिताकडे. मग ओठांत काहीतरी पुटपुटली आणि भक्तीची खुर्ची ढकलायला लागली. दुसरी खुर्ची तिथेच राहिली, पायऱ्यांशी, रात्रभर. कुणी ती आत नेली नाही.

संचिताने मागे वळून बघितलं नाही. भक्तीचा हात तिने दारापासून धरला तो सोडला नाही. आतही सगळं सरळ झालं नाही हां. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. तीन वाजता ठोके खाली आले, डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, ऑपरेशनची तयारी करा म्हणाल्या. भक्तीने संचिताकडे बघितलं. तसंच बघितलं असणार तिने दोन वर्षांपूर्वी, फक्त तेव्हा समोर कुणी नव्हतं. संचिताने तिला कुशीवर वळवलं, कपाळाला कपाळ लावलं आणि दोघी मिळून श्वास सोडत राहिल्या. विनीत पायांशी उभा. तो म्हणतो, मी त्या वेळी कुणाकुणाला हात जोडले सांगू शकत नाही. घरातल्या देवाला जोडले, रामेश्वराला जोडले, आणि गाडीत होती तिलाही जोडले.

ठोके वर आले. ऑपरेशन लागलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. जन्मली ती निळसर, दोन क्षण गप्प, आणि मग अशी रडली की खालच्या मजल्यावरचा वॉचमन हसला. भक्तीने तिला छातीवर घेतलं. विनीत खाली बसला, तिथेच फरशीवर, आणि बराच वेळ उठलाच नाही.

ती मुलगी आता दोन वर्षांची आहे. रिया नाव. गेल्या जत्रेला तुम्ही तिला खांद्यावर घेऊन नाचलात.

ते घर त्यांनी विकलं नाही. भक्ती नको म्हणाली. मागच्या खोलीत पर्यटकांना मात्र ठेवत नाहीत. त्यानंतर तिथे कधी काही ऐकू आलं नाही, असं दोघंही सांगतात. बाळाकाका पुढच्या पावसाळ्यात वारले. झोपेत, शांतपणे.

आता राहिली सकाळची गोष्ट. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुम्हाला लागला तर सांगू नका.

सव्वासहाला उजाडलं. भक्ती झोपली होती, मुलगी तिच्याजवळ. संचिताला थंडी वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं, ओढणी गाडीतच राहिली. विनीत चहा आणायला निघालाच होता, दोघं मिळून खाली गेले. गाडी दारातून बाजूला काढून लावल्यापासून कुलूपबंद होती. विनीतने उघडली.

ओढणी डावीकडच्या सीटवर होती.

पडलेली नव्हती. गुंडाळलेली होती. तान्ह्या मुलाला गुंडाळतात ना, पाय दुमडून, हात आत घेऊन, एक टोक डोक्यावरून... तशी. घट्ट. व्यवस्थित. आणि आत मूल असल्यासारखी फुगीर.

दोघं उभे राहिले. कोण हात लावणार? शेवटी संचितानेच लावला. एक पदर उलगडला. मग दुसरा. आत काही नव्हतं. नुसती पोकळी. पण पोकळीत ऊब होती. बाहेर काचेवर दव साचलेलं, सीट गार, आणि ती पोकळी तेवढी उबदार.

आणि जिथे मुलाचं तोंड आलं असतं, तिथे कापडावर एक थेंब. पिवळा. चिकट. विनीतला वाटलं, कसला तरी डाग आहे. संचिताला वाटलं नाही. तिला ते ओळखायला शिकवलेलं होतं. बाळंतिणीचं पहिलं दूध, चीक, असाच दिसतो.

तिने बोटाचं टोक लावून बघितलं.

ओला होता.